मँगेनीजचे रंग, +७ ते +२: काम कुठवर आलंय

तर मँगेनीजचा प्रत्येक ऑक्सिडेशन नंबर (+७, +६ वगैरे) वेगळ्या बाटलीत रंगानं दाखवायचा हा उद्योग, आणि शेल्फवर आता चार बाटल्या उभ्या आहेत. जांभळी +७, हिरवी +६, तपकिरी गाळवाली +४ आणि साध्या पाण्यासारखी दिसणारी +२. +५ आणि +३ ची जागा अजून रिकामी आहे, त्याचं खाली सांगतो.

सामानाचं म्हणाल तर सोलापुरात चंगळ आहे. चादरी-टॉवेलच्या धंद्यामुळे डायिंगचं केमिकल विकणारे आहेत, कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) न् हायड्रोस (सोडियम डायथायोनाइट) मागितलं तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही. (हायड्रोसमध्ये सल्फर +३ असतो, त्याचा नंबर वर चढतो आणि तो पाण्यात न विरघळणाऱ्या व्हॅट रंगाला खाली आणून विरघळवतो, मग सूत वाऱ्यावर धरलं की रंग परत मूळ रूपात येतो, म्हणजे आपलाच खेळ टनावारी चाललाय.) परमँगनेट (पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे तोच जांभळा +७) मेडिकलमधून घेतलं. पाणी मात्र बोअरचं अजिबात नको, कॉस्टिक पडलं की पांढरं गढूळ होतं, गॅरेजवाल्याकडचं बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी वापरा (ॲसिड नव्हे).

हिरवा करायला सोपा, टिकवायला अवघड. कॉस्टिकच्या पाण्यात परमँगनेट अगदी फिकं, वर चिमूटभर साखर, ढवळायचं आणि बघत बसायचं. जांभळा, मग निळा, मग मस्त हिरवा, आणि तिथंच नाही थांबलं तर पिवळट तपकिरी. आपल्याकडे उन्हाळ्यात हे इतकं भराभर पळतं की हिरवा नीट बघायला मिळत नाही, म्हणून भांडं बर्फात ठेवून करायचं आणि साखर जेवढ्यास तेवढी. गाळायला फिल्टर पेपर नको, कागदच खातो तो आणि तपकिरी होऊन बसतो. गॉगल आणि ग्लोव्हज पाहिजेतच, घट्ट कॉस्टिक डोळ्यात गेलं तर खेळ खलास.

आता मधला निळा. बऱ्याच व्हिडिओत त्यालाच +५ म्हणून दाखवतात, मला ते पटत नाही. तो उरलेला जांभळा आणि नवा हिरवा मिळून दिसणारा निळा आहे. तपासायला सोपं आहे, तयार हिरव्यात परमँगनेटचा एकेक थेंब सोडत जा, साखर-बिखर काही नाही, तोच निळा येतो. खरा +५ आकाशी असतो आणि त्याला एकदम घट्ट कॉस्टिक न् गारवा दोन्ही लागतं, पातळ कॉस्टिकमध्ये तो लगेच फुटतो.

हिरवासुद्धा फुटतोच म्हणा. झाकण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक मारत जातो आणि बाटली हळूहळू परत जांभळी व्हायला लागते, तळाला तपकिरी गाळ. घाई असेल तर व्हिनेगर टाका (लिंबू नको, लिंबाचं ॲसिड स्वतःच परमँगनेटशी भिडतं). माझा सगळ्यात आवडता हिशोब हाच: तीन मँगेनीज +६ वर, बेरीज १८. त्यातले दोन गेले +७ ला, एक आला +४ ला, परत १८. हे आकडे काही अणूवर खरोखर बसलेला चार्ज नव्हे, बाँडमधले इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्याच्या खात्यावर टाकायची ती वहीतली पद्धत, +७ म्हणजे मँगेनीजचे सात इलेक्ट्रॉन कुठं उडून गेलेत असं नाही. पण वही टॅली होते आणि बाटलीत तेच दिसतं, अजून काय पाहिजे.

+२ करायला परमँगनेटमध्ये व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. फसफसतं, रंग सपकन जातो. इथं पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन −१ वरून शून्यावर येऊन वायू म्हणून निघून जातो. भांड्याचे, हाताचे तपकिरी डागही याच मिश्रणानं जातात.

रंगावरून नंबर ओळखता येतो असं वाटायला लागलं असेल तर थांबा. परमँगनेटमध्ये डी इलेक्ट्रॉन (अशा धातूंच्या रंगाला बहुतेकदा कारण असणारे) वहीप्रमाणे एकही नाही, तरी रंग सगळ्यात गडद, कारण तिथं ऑक्सिजनकडून मँगेनीजकडं इलेक्ट्रॉन उडी मारतो. +२ मध्ये पाच आहेत आणि रंग जवळपास नाही. २००९ साली ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत मास सुब्रमण्यन यांच्या लॅबमध्ये जो झकास निळा सापडला, यिट्रियम-इंडियम-मँगेनीजवाला, त्यात मँगेनीज +३ च आहे, फक्त भोवती पाच ऑक्सिजन वेगळ्याच आकारात बसलेत.

मित्र विचारत होता, काय बे, +७ च्या वर काही हाय का नाही. हाय की. ऑस्मियम, रुथेनियम आणि झेनॉन +८ ला जातात, आणि २०१४ मध्ये इरिडियमचा +९ दाखवला, एक इरिडियम चार ऑक्सिजनवाला आयन, तोही वायूरूपात. आपल्या शेल्फवर यायचं काम नाही.

पुढचं +३. नुसत्या पाण्यात तो +२ आणि +४ मध्ये वाटला जातो, फॉस्फोरिक ॲसिडमध्ये जांभळट टिकतो म्हणून तिथून सुरू करणार. आकाशी +५ थंडीत बघू, डिसेंबरशिवाय आपल्याकडं जमणारं ते काम नाही. कुणी केला असेल तर कॉस्टिक किती घट्ट घेतलं तेवढं सांगा.