चेंडू कोणाचा?

व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉकचा, म्हणजे जाळीपाशी उडी मारून समोरचा फटका हातांनी अडवण्याचा, अपवाद सोडला, तर एका खेळाडूला चेंडूला लागोपाठ दोनदा हात लावता येत नाही. चेंडू अडवून धरण्याचीही मुभा नसते, त्यामुळे कितीही निष्णात खेळाडू असली तरी चेंडू सहकाऱ्याकडे सोपवणे तिला भागच पडते. १८९५ मध्ये अमेरिकेतील होलियोक येथे विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ तयार केला, तेव्हा एका बाजूला किती जणांनी खेळावे आणि चेंडू किती वेळा उडवावा यांवर बंधन नव्हते. तीन स्पर्शांची मर्यादा १९२० मध्ये आली आणि माझ्या मते तेव्हापासून हा खेळ खऱ्या अर्थाने सांघिक झाला. कारण तीनच स्पर्श हाती असताना पहिलीने दुसरीचा आणि दुसरीने तिसरीचा विचार केल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

शाळेच्या संघात मी लिफ्टर, म्हणजे स्मॅश मारणारीसाठी चेंडू उंच उडवून देणारी खेळाडू, होते. संघात कसे वागावे आणि कमीत कमी शब्दांत नेमके कसे बोलावे, याबद्दल मला जे काही समजते, त्यातील बराचसा भाग मी या खेळाकडून शिकले आहे.

नवशिक्या संघाचे सर्वाधिक गुण कुठे जातात, हे पाहण्यासारखे असते. जोरदार स्मॅशपेक्षाही ते दोन खेळाडूंच्या मधल्या जागेत जातात. समोरून साधी, उंच सर्व्हिस येते, दोघीही चेंडूकडे पाहत अर्धे पाऊल पुढे टाकतात, दोघींनाही तो सहज घेता आला असता, आणि तरीही तो दोघींच्या मध्ये जमिनीवर आदळतो. येथे कौशल्य कमी पडलेले नसते. निर्णय जाहीर झालेला नसतो, एवढेच. म्हणून आमच्या प्रशिक्षकांचा आग्रह असे, की चेंडू जाळी ओलांडण्याच्या आतच ‘माझा’ हा पुकारा झाला पाहिजे. हात लावताना पुकारलेले ‘माझा’ निरुपयोगी असते, कारण तोवर शेजारीण धावत सुटलेली असते. पुकारा ऐकल्यावर जिने थांबायचे, तिचे कामही तितकेच महत्त्वाचे असते. तिने पूर्ण विश्वासाने बाजूला व्हायचे, पण डोळे चेंडूवरच ठेवायचे, म्हणजे पास वेडावाकडा उडाला तर पहिली धाव तिची असेल. दोघींनी एकाच क्षणी चेंडूला स्पर्श केला, तर नियमाप्रमाणे संघाच्या तीनपैकी दोन संधी संपतात. एकाच कामाला दोघींनी हात घातल्याची किंमत इतक्या स्पष्टपणे मोजणारा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही.

लिफ्टरच्या जागेवरून संवादाची दुसरी बाजू दिसते, ती म्हणजे ऐकून घेण्याची. दुसरा स्पर्श बहुधा लिफ्टरचा असतो आणि त्या वेळी तिची नजर वर, उतरत्या चेंडूवर खिळलेली असते. समोर ब्लॉकला किती जणी सरसावल्या आहेत हे तिला नीट दिसत नाही. ते मागच्यांना दिसते आणि त्यांनी ते ओरडून सांगावे लागते. कोणती स्मॅशर वेळेवर तयार झाली आहे, हेही तिला आवाजावरूनच कळते. सर्व्हिस येण्यापूर्वी लिफ्टर प्रतिस्पर्ध्यांना दिसणार नाही अशा बेताने बोटांच्या खुणांनी बेत कळवते. पण पहिला पास बिघडला की तो बेत तिथेच सोडून द्यावा लागतो आणि पुढचे सगळे आवाजावर चालते. अशा वेळी लिफ्टरने धावत जाऊन चेंडू शक्य तितका उंच, जाळीच्या कडेला उडवावा, म्हणजे स्मॅशरला पावले जुळवायला अवधी मिळतो. प्रेक्षकांच्या लक्षात स्मॅश राहतो. वाईट पास सावरून पुढच्या खेळाडूला सोपा करून देणे, हे मात्र संघातल्याच मुलींना कळते. संघभावनेची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

ब्लॉक करणाऱ्या मुलीने ‘टच’ असे ओरडण्याची पद्धत मला विशेष आवडते. चेंडू तिच्या बोटांच्या टोकांना निसटता लागून मागे जातो, तेव्हा तो लागला की नाही हे पुष्कळदा तिलाच कळलेले असते. तो बाहेर जातो आहे असे समजून मागच्या मुली सोडून देणार, तेवढ्यात तिचा पुकारा येतो आणि त्या धावतात. ब्लॉकचा स्पर्श तिनांत धरला जात नसल्याने संघाच्या तिन्ही संधी तेव्हा शिल्लक असतात. एकीलाच ठाऊक असलेली गोष्ट क्षणार्धात सगळ्यांची होते आणि गेलेला गुण वाचतो.

खेळ चालू असताना बोलणे त्या मानाने सोपे असते, कारण तिथे शब्द मोजकेच असतात. कठीण असते ते गुण गेल्यानंतरचे बोलणे. ‘तू का सोडलास?’ हा प्रश्न प्रत्येक शाळेच्या मैदानावर ऐकू येतो आणि त्यातून काहीही साध्य होत नाही. जिला तो विचारला जातो ती पुढच्या चेंडूला अधिकच बिचकते. ‘मधला चेंडू आता मी घेते, तू रेषेकडे सरक,’ हे वाक्य त्याच घटनेबद्दल असते, पण त्यात पुढचा चेंडू कसा खेळायचा हे ठरते. पंचांची शिटी झाल्यावर सर्व्हिस करण्यासाठी आठ सेकंद असतात आणि टाइम-आउट तीस सेकंदांचा असतो. एवढ्या वेळात पाच जणींनी पाच सूचना दिल्या, तर एकही लक्षात राहत नाही. आमच्यात ठरलेले असे, की टाइम-आउटमध्ये एकच गोष्ट ठरवायची, आणि कोर्टवर परतताना प्रत्येकीने आपल्या वाट्याचे काम बोलून दाखवायचे. पहिल्यांदा हे कृत्रिम वाटते. परंतु दोघींच्या समजुतीतला फरक त्या बोलण्यातच उघडा पडतो आणि चेंडू पडण्याआधी तो मिटवता येतो.

सर्व्हिसचा हक्क परत मिळाला की सगळ्यांनी घड्याळाच्या दिशेने एकेक जागा सरकायचे, या नियमामुळे पुढची मुलगी मागे जाते आणि मागची पुढे येते. जिला नेहमी उत्तम लिफ्ट मिळते, तिलाही मागे उभे राहून कठीण सर्व्हिस घ्यावी लागते. दुसरीच्या अडचणी तिला सांगाव्या लागत नाहीत. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आलेली, वेगळ्या रंगाच्या पोशाखातली लिबेरो ही खास बचावाची खेळाडू मात्र मागेच खेळते. तिला सर्वांच्या पाठी दिसत असतात, त्यामुळे तिचा आवाज खणखणीत असावा लागतो.

शाळांमध्ये संघ घडवणाऱ्या शिक्षकांना मला येथे आग्रहाने एक गोष्ट सांगाविशी वाटते. मोठ्या आवाजाच्या मुलीला कर्णधार करून बोलण्याची जबाबदारी तिच्यावर सोपवणे सोयीचे असते, परंतु त्यामुळे उरलेल्या पाच जणी गप्प राहायला शिकतात. अबोल मुलींना ठरावीक पुकारे नेमून द्यावेत. ‘बाहेर’ हा पुकारा रेषेजवळच्या मुलीनेच द्यायचा, समोरच्या ब्लॉकची माहिती मागे मधोमध उभ्या असलेलीनेच द्यायची, असे सरावात पक्के करावे आणि पुकारा न देता घेतलेला चेंडू, उत्तम उडाला तरी, गुणात धरू नये.