चेरी श्रिंप, महिना सहावा: अखेर पिल्लं झाली (आणि एप्रिलमधला गाढवपणा)

तर मंडळी, माझ्या चेरी श्रिंपना (काचेच्या टाकीत पाळतात ती गोड्या पाण्यातली बारकी लाल कोळंबी) पिल्लं झाली! काल रात्री टॉर्च मारून मोजायला बसलो, ३१ पर्यंत गेलो आणि तेवढ्यात दोन-तीन मॉसमधून (टाकीतली शेवाळासारखी वनस्पती) सटकून मोजलेल्यांच्यात जाऊन मिसळली, मग दिला नाद सोडून. तिळाएवढी आहेत, पारदर्शक, पण मिशा-बिशा सगळं अगदी आईसारखं. चेरीचं हेच बरं असतं, अळीबिळीची भानगड नाही, अंड्यातून थेट छोटा श्रिंपच बाहेर येतो. अमानो ही दुसरी जात पाळणाऱ्यांना विचारा, त्यांच्या अळ्यांना खारट पाणी करून द्यावं लागतं.

आजीचं मात्र अजून तेच, "एवढ्याश्या कोळंबीचं कालवण तरी काय होणार."

नवीन लोकांसाठी सेटअप: दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, जावा मॉस, जंगली बदामाची दोन वाळकी पानं. जानेवारीत टाकी श्रिंपशिवाय नुसत्या पाण्यावर चालवली, अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही श्रिंपला विषारी) शून्यावर आल्यावर फेब्रुवारीत १२ श्रिंप सोडले. मार्चमध्ये माद्यांच्या मानेमागे पिवळं खोगीर दिसायला लागलं (म्हणजे अंडी आत तयार होतायत) आणि महिनाअखेर दोघींच्या पोटाखाली अंडी आली. मी हवेत.

आता एप्रिल. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर टाकीत नुसता गोंधळ, सहा-सात श्रिंप वेड्यासारखे वर-खाली, काचेला धडकत, पोहतायत. मला वाटलं विषबाधा. त्यात आईने बाजूच्या खोलीत मच्छरची कॉइल लावलेली, त्यामुळे खात्रीच पटली (कॉइलचा धूर एअर पंपातून पाण्यात जातो आणि श्रिंपला तो खरंच घातक असतो, तेव्हा पंप त्या खोलीत नकोच). घाबरून अर्धं पाणी काढलं आणि नळाला येणारं नर्मदेचं साठवलेलं पाणी, क्लोरीन काढलेलं होतं हो, बदाबदा ओतलं.

विषबाधा वगैरे काही नव्हती. नाच होता तो. मादी कात टाकते तेव्हा तिचं कवच मऊ असतं, त्याच वेळी ती पाण्यात गंध सोडते आणि नर तिला शोधत सुटतात, जोडी जमते ती तेव्हाच. दुसऱ्या दिवशी मॉसखाली पांढरी कात सापडली तेव्हा ट्यूब पेटली. ओळखायचं कसं, तर नाचात फक्त बारके, फिकट नर पळतात आणि जाड्या माद्या निवांत चरत असतात. विष असेल तर सगळेच सैरभैर होतात, नंतर आडवे पडतात.

पण खरा घोळ पाण्याने झाला. उन्हाळ्यात टाकी रोज बोटभर खाली जायची आणि नळ एक दिवसाआड, म्हणून मी बोरिंगचं पाणी वरून टाकत होतो. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार तिथेच राहतात, वर बोरिंगचे क्षार आणखी. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचं मीटर घेतल्यावर कळलं: नर्मदा २१०, बोरिंग ७०० च्या आसपास, टाकी ४८०! म्हणजे अर्धं पाणी बदललं तेव्हा टाकी दहा मिनिटांत साडेतीनशेच्या खाली. एवढ्या झटक्याने श्रिंप वेळेआधी कात टाकतात. अंडी पोटाशी असताना मादी कात लांबवते, पण या दोघींनी तिसऱ्या दिवशी टाकली आणि अंडी कातीला चिकटून तशीच गेली. एक तिसरी मादी अर्धवट कातीत अडकून मेली, मानेभोवती पांढरी रिंग, कात अडकल्याची खूण. फार वाईट वाटलं भिया, चूक माझी होती.

तेव्हापासून वाफेची भरपाई फक्त आरओच्या पाण्याने (पिण्याच्या नळाचं, मागून वाया जातं ते नाही, ते तर अजून कडक). पाणी बदलतो तेही आठवड्याला एक बादलीसुद्धा नाही, पाच-सहा लिटर, तेही एअरच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब. टीडीएस मेमध्ये हळूहळू २४० वर आणला. शिवाय जीएच (पाण्याचा कडकपणा) मोजायचं किट घेतलं, कारण टीडीएस नुसता एकूण आकडा सांगतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते नाही आणि कवच बनतं कॅल्शियमनेच. माझा जीएच ७ येतो. कातीही आता काढून फेकत नाही, तेच खातात.

मेमध्ये पाणी ३१ अंशांवर जायचं, टाकीवर छोटा पंखा लावून २८ वर राखलं. त्या महिन्यात एकही अंडं नाही. जूनमध्ये पाऊस आला, दोन दिवसांनी परत नाच, या वेळी मी खुर्ची ओढून चहा घेत बघत बसलो. तीन माद्या अंड्यांवर आल्या, पोटाखालचे पाय सतत पंख्यासारखे हलवत असतात बघा, अंड्यांना हवा घालायला. शेवटी शेवटी अंड्यांत काळे ठिपके दिसतात, ते पिल्लांचे डोळे. पहिली मादी तेविसाव्या दिवशी रिकामी झाली.

आता स्पंजवरचं शेवाळ धुणं बंद, पिल्लं दिवसभर तिथेच चरतात. निळे श्रिंप घ्यायचा मोह होतोय पण याच टाकीत नाही, रंग मिसळले की पुढच्या पिढ्या मातकट निघतात. दुसऱ्या टाकीसाठी आईची परवानगी बाकी आहे.