फिनिक्सच्या उन्हात कुंडीतला कॅक्टस फुलवताना

कोल्हापूरला फोन केला की मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकच, तू तर वाळवंटात राहतीस, तिथं कॅक्टसला काय करायला लागतंय, आपोआप वाढत असतील की गं! तर मंडळी, रानातल्या कॅक्टसचं आणि कुंडीतल्या कॅक्टसचं गणित लई वेगळं आहे, आणि मला ह्या विषयाचा नाद असल्यामुळं आज सविस्तरच लिहिते.

मी अमेरिकेतल्या ॲरिझोनात फिनिक्सला असते. इथं रानात सग्वारो नावाचे दहा-बारा मीटर उंच कॅक्टस उभे असतात, पण त्यांची मुळं जमिनीत लांबवर पसरलेली असतात आणि लहानपण बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या झाडाच्या सावलीत गेलेलं असतं. कुंडीतल्या झाडाचा सगळा संसार दोन-चार ओंजळी मातीत, आणि ती माती दुपारी किती तापते हे बघायचं असलं तर उन्हातल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला हात लावून बघा, हात ठेवता येत नाही. मुळं तिथंच शिजतात.

2023 साली इथं सलग 31 दिवस दुपारचं तापमान 43 अंशांच्या वर गेलेलं, त्या उन्हाळ्यात जुने जुने सग्वारो पण कोसळले. पण माझ्या मते दुपारपेक्षा रात्र जास्त घात करते. कॅक्टस दिवसा अंगावरची छिद्रं मिटून घेतो, रात्री गार झालं की ती उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याचं अन्न करतो. शहरातलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं, पारा तिशीच्या खाली यायलाच तयार नसतो, मग छिद्रं नीट उघडत नाहीत आणि झाड भर उन्हाळ्यात उपाशी राहतं.

म्हणून इथं कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवायच्या, सकाळचं ऊन द्यायचं आणि दुपारी वरून शेडनेट. फिकट रंगाची कुंडी घ्यायची, किंवा मोठ्या कुंडीत छोटी कुंडी ठेवून मधल्या फटीत खडी भरायची. माती म्हणाल तर निम्म्याहून जास्त प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र खडा, आणि बाकी खत-माती. पाणी पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर, आठवड्या-दहा दिवसांनी, पण देताना भोकातून बाहेर येईस्तोवर द्यायचं, कारण इथलं पाणी जड आहे आणि जरा जरा घातलं तर क्षार मातीतच साठतात. नर्सरीतून आणताना झाडाची कुठली बाजू दक्षिणेला होती ते विचारून घ्यावं, कारण ती बाजू उन्हाला सरावलेली असते. उलटं ठेवलं तर कोवळी बाजू आधी पिवळी-पांढरी पडते, मग तिथं खरबरीत डाग धरतो आणि तो कधीच जात नाही.

आता फुलाचं. फूल हिवाळ्यामुळं येतं, हे लोकांना पटत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री गार असतात, तेव्हा पाणी जवळजवळ बंद करायचं, झाडाला झोपू द्यायचं, मार्चच्या सुमारास पाणी आणि कमी नायट्रोजनचं खत सुरू. मग एप्रिल-मेमध्ये ट्रायकोसेरियस नावाच्या कॅक्टसच्या संकरित जाती जे काही करतात ते बघायलाच पाहिजे. काट्यांच्या बुडाशी मऊ लव असते तिथनं एक काळपट केसाळ गाठ वर येते, कितीतरी दिवस नुसती तशीच, आणि मग एकदम देठ लांबायला लागतो, संध्याकाळी टोक सैल पडतं, अंधार झाला की पाकळ्या मागं सरकायला लागतात आणि सकाळी वीतभर फूल, लाल, केशरी, गुलाबी, आत मधमाश्यांची झुंबड. दुपारी ऊन तापलं की मान टाकतं. एवढंच आयुष्य, पण त्याच रात्री आसपासच्या कुंड्यांतली झाडं पण फुललेली असतात. माझ्या लेखी वर्षभराच्या मेहनतीचं पूर्ण मोल ती एक सकाळ देते.

आपल्याकडं घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून जे लावतात ते पण कॅक्टसच बरं का, मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांच्या अंगावर वाढणारं, आणि पानं वाटतात ते त्याचं चपटं खोड. त्यामुळं कॅक्टसच्या फुलासाठी रात्री जागणं कोल्हापूरकरांना नवीन नाही.

आणि खरं सांगू, कोल्हापूरची हवा कुंडीतल्या कॅक्टसला फिनिक्सपेक्षा बरी. मे महिन्यात पण रात्री वारं सुटतं, झाडाला श्वास घेता येतो. अडचण फक्त पावसाची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुंड्या पत्र्याखाली किंवा गॅलरीत उजेडाला घ्या, काळी माती अजिबात नको, जाड वाळू आणि विटेचा चुरा भरपूर घाला, आणि कुंभार गल्लीतली साधी मातीची कुंडी वापरा, ती ओल बाहेर टाकते. थंडीत पाणी तोडा.

येताना एक फांदी आण म्हणणाऱ्यांना मात्र आधीच सांगते, ते जमणार नाही. जवळजवळ सगळे कॅक्टस साइट्स (CITES) करारात, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या करारात येतात, शिवाय भारतात झाड आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. पश्चिम बंगालमधल्या कलिंपोंगच्या नर्सऱ्यांमध्ये चांगले कॅक्टस मिळतात, तिकडनं मागवा.