निदान स्टालिन तरी नाही

रविवारी दुपारी जेवून जरा लवंडले होते, मोबाईलवर आपोआप रॅन्डी न्यूमन हा अमेरिकन गायक सुरू झाला. 'टॉय स्टोरी'चं मैत्रीचं गाणं म्हणणारा तोच, घरातल्या पोरांना तेवढाच माहितीय. मला मात्र त्याचा २००८ चा 'हार्प्स अँड एंजल्स' हा अल्बम जास्त आवडतो, तेव्हा तो ६४ वर्षांचा होता आणि गातो तोंडात पान धरून बोलल्यासारखा. पहिल्याच गाण्यात हा रस्त्यात कोसळतो, वरून बोलावणं येतं आणि मग कळतं की कारकुनी चूक झालीय, जा परत. (म्हणजे तिथेही आपलंच ऑफिस!)

बुशच्या काळातलं देशावरचं गाणं तर कहर आहे. आमचे नेते वाईट आहेत, मान्य, पण रोमचे सीझर बघा, हिटलर-स्टालिन बघा, तो बेल्जियमचा लिओपोल्ड बघा, अख्खा काँगो लुटला आणि मागे ठेवला मलेरिया. २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याचे शब्द चक्क लेख म्हणून छापले, फक्त सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांवरचं कडवं गाळून. आता हा युक्तिवाद मी रोज घरात ऐकते. गुडघे गेले, पण शेजारच्या काकांना तर दोन स्टेंट आहेत! देश काय आणि माणूस काय, वय झालं की आपल्याहून वाईट कोण ते शोधत बसतात.

त्याच अल्बममध्ये 'पॉटहोल्स' (म्हणजे खड्डे) नावाचं गाणं आहे. लहानपणी बेसबॉलच्या मॅचमध्ये याची फजिती झालेली, रडारड झालेली, आणि वडील ती गोष्ट याच्या बायकोला रंगवून सांगतात. म्हणून हा आठवणींच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना दुवा देतो, विसरायला होतं तेच बरं.

आमच्या बाबांकडे माझी अशीच एक गोष्ट आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी जिजाबाई, नऊवारी, नथ, सगळं. बाल शिवबाने गुडघा टेकून आशीर्वाद मागितला आणि मी भर स्टेजवर म्हटलं, बाई, शू. पाहुण्यांचे पोहे संपायच्या आत ही गोष्ट निघायचीच, मला बघायला आलेल्यांसमोरसुद्धा निघाली, आई आतून डोळे वटारतेय आणि हे आपले हसतायत.

परवा भाच्याच्या मुंजीत पुन्हा निघाली. फक्त या वेळी शू शिवबाला लागली होती आणि जिजाबाईंनी प्रसंग सांभाळून घेतला होता. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, असू दे, जिलबी घे.