फ्रेंच रेस्टॉरंटात पोट भरतं का हो?

युरोपच्या सहलीला निघालेलं जोडपं असो, नाहीतर लेकानं मुंबईत टेबल बुक करून दिलेले आईवडील असोत, सांगलीकराचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढ्या मोठ्या बशीत एवढासा घास. पोट भरतं का हो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो. भरतं. बेतानं खाल्लं नाही तर पाचव्या बशीलाच नको होतं. उपाशी उठतात ती माणसं वेगळी. आपल्याला काय चालत नाही, हे टेबलावर बसल्यावर सांगणारी.

आधी पोटाचा हिशेब. टेस्टिंग मेनूत, म्हणजे आचाऱ्यानंच ठरवून एकामागून एक पाठवलेल्या छोट्या बशांच्या जेवणात, साधारण सात पदार्थ असतात, एकेक ६० ते १०० ग्रॅमचा. सुरुवातीला किचनकडून घासभर 'अम्यूझ-बूश' येतं, त्याचे वेगळे पैसे नसतात. शेवटी कॉफीबरोबर बारीकसारीक गोड. मध्ये पाव. सगळं मिळून पाऊण किलोच्या घरात जातं, आणि त्यात लोणी सढळ हातानं. फ्रेंच शेफ जोएल रोबुशाँ यांच्या बटाट्याच्या गाजलेल्या प्युरेला (मऊ लगद्याला) किलोभर बटाट्याला पाव किलो लोणी लागतं, यावरून काय ते समजा. फसवतो तो पाव. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, सोबत खारं लोणी. दोन बशांमध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात, भूक लागलेली असते, आणि हात तिकडंच वळतो. तीन-चार तुकडे सुरुवातीलाच गेले की पुढचं सगळं जड. पाव सुरीनं कापत नाहीत, हातानं घासापुरता तोडतात. संपला तर पुन्हा मिळतो, पण पुन्हा मिळणारी वस्तू बहुधा तेवढीच. आग्रह करकरून वाढणारं तिथं कुणी नाही.

आपल्या पंगतीत पान वाढलं की मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात सगळं समोर. कशात काय कालवायचं ते जेवणारा ठरवतो. भाजी अळणी निघाली तर मीठ पानातच आहे. गंमत म्हणजे एके काळी फ्रान्समधल्या मेजवान्यांतही पुष्कळ पदार्थ एकदमच मांडत. एकामागून एक बशी आणायची रशियन तऱ्हा तिथं एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि चव जुळवायचं काम जेवणाऱ्याकडून आचाऱ्याकडं गेलं. म्हणून बऱ्याच ठिकाणी टेबलावर मीठदाणीही दिसत नाही. (मागितली तर देतात. भडंगाची पुडी मात्र पिशवीतच राहू द्या.) आपल्याला जे जुळवून घ्यायचं ते भांडं चुलीवर चढण्याआधी कळायला हवं. सॉसचा पाया असलेला स्टॉक, म्हणजे हाडं-भाज्या उकळून काढलेला अर्क, तासन् तास, पुष्कळदा आदल्या दिवशीच उकळून ठेवलेला असतो. तो ऐन वेळी बदलता येत नाही. म्हणून बुकिंग करतानाच लिहायचं, आणि जायच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा विचारून लेखी होकार घ्यायचा. इंग्रजीत मेल चालतो.

नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. मांसाचा तुकडा न दिसणाऱ्या बशीतही मांस असतं. सूपमध्ये कोंबडीचा किंवा वासराच्या हाडांचा स्टॉक, मसुरात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, बटाटे बदकाच्या चरबीत परतलेले, मूस या मऊ गोडात जनावराच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन. रोकफोर, काँते अशा नावाजलेल्या चीझला दूध गोठवायला जनावराच्या जठरातलं रेनेट लागतं. काही जण मासे खाणाऱ्यालाही शाकाहारीच समजतात. तेव्हा यादी द्या: मांस, मासे, मांसाचा किंवा माशांचा स्टॉक, चरबी, जिलेटिन, अंडी नकोत, दूध, लोणी, साय चालेल. हे शेवटचं लिहायला विसरलात तर व्हीगन, म्हणजे दूधदुभतंही न खाणारे, समजून लोणीही काढून टाकतील, आणि मग जेवण खरंच कोरडं होतं. अंडं नको म्हटलं की गोडाचा बहुतेक भाग बाद होतो. सूफ्ले, कस्टर्ड, केक सगळ्यांत अंडं. उरतात फळं आणि सॉर्बे (फळांच्या रसाचं बिनदुधाचं आइस्क्रीम), त्यातही अंड्याचा पांढरा भाग नाही ना, हे विचारून घ्यायचं.

जैन घरांसाठी थोडं अधिक. 'जैन' या शब्दावरून तिथल्या आचाऱ्याला काय वगळायचं ते कळत नाही. कांदा, लसूण, शॅलट आणि लीक (ही कांद्याचीच भावंडं), बटाटा, गाजर, बीट, मुळा, मशरूम अशी नावं घेऊन लिहावं लागतं. अडचण सुरुवातीलाच आहे: दोन भाग कांदा, एक भाग गाजर, एक भाग सेलेरी हे 'मिरप्वा' फ्रेंच स्वयंपाकाची फोडणी समजा. ते वगळायचं तर प्रत्येक सॉस नव्यानं बांधायला लागतो. म्हणून लेखी होकार नसेल तर टेस्टिंग मेनू घेऊच नका. होकार आला तर मात्र निवांत जा. भाजीला तिथं कमी लेखतात असं नाही. पॅरिसच्या 'लार्पेज' रेस्टॉरंटात शेफ आलाँ पासार यांनी २००१ मध्ये मेनूतून तांबडं मांस काढून टाकलं, तरी रेस्टॉरंटांचा दर्जा ठरवणाऱ्या मिशलाँ गाइडचे तिन्ही स्टार टिकले.

सूर्यास्तानंतर जेवत नसाल तर महिना बघा. पॅरिसला जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा साडेसातचं टेबल चालतं, फक्त तीन तासांचा लांबलचक मेनू नको. डिसेंबरात मात्र पाचच्या आतच अंधार. मग दुपारी बाराचं टेबल घ्यायचं. दुपारचा मेनू आटोपशीर आणि बराच स्वस्तही असतो, त्यामुळं पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही मी तोच सुचवेन.

काट्या-चमच्यांची धास्ती विनाकारण घेतात. बाहेरून आत यायचं, बस. चूक झाली तर वेटर न बोलता दुसरा चमचा ठेवतो. घोटाळा होतो तो निराळाच. खाऊन झालं की काटा आणि सुरी शेजारी-शेजारी बशीत ठेवायची असते. ती दोन बाजूंना पसरून ठेवली तर अजून चाललंय असं समजतात. आणि साऱ्यांचं झाल्याशिवाय सहसा पुढची बशी येत नाही, म्हणजे एकाच्या चुकीपायी अख्खं टेबल ताटकळतं.

पाणी कुठलं, साधं की बुडबुड्यांचं, असं विचारतात तेव्हा दोन्ही पर्याय विकतच्या बाटलीचे असतात. फ्रान्समध्ये जेवणासोबत नळाचं पाणी फुकट मिळतं. 'कराफ दो' म्हणायचं. वाइन घेणार असाल तर सोमेलिए, म्हणजे वाइनचा जाणकार वेटर, आधी घोटभर ओततो. ती आवडली का हे सांगायचं नसतं, बिघडली आहे का एवढंच हुंगायचं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बुचानं खराब झालेली, बाटली परत करा. नाहीतर मान हलवायची. (तासगावच्या सोनाकाला या कामात स्थान नाही. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची.)

पैशाचं थोडक्यात. फ्रान्समध्ये मेनूवरच्या दरात कर आणि सेवा दोन्ही धरलेलं असतं, वर काही ठेवणं ऐच्छिक. आपल्याकडं ज्या हॉटेलच्या खोलीचा दर ७,५०० रुपयांच्या वर जातो तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी, बाहेरच्याला सहसा ५. सर्व्हिस चार्जची सक्ती करता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलंय; नको असेल तर काढायला सांगा. परदेशातलं टेबल बुक करताना कार्डाचा नंबर मागतात, आणि ऐन वेळी रद्द केलं तर माणशी दंड कापतात. बुकिंगच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा, नाहीतर बुकिंगच होत नाही.

आणि कॉफी संपवून तसेच बसून राहू नका. फ्रान्समध्ये मागितल्याशिवाय बिल आणणं उद्धटपणाचं समजतात. तुम्ही बिलाची वाट बघत बसता, आणि वेटर तुमच्या गप्पा संपायची.