स्ट्रासबर्गचे साडेबारा

जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये राहायला येऊन आम्हाला दोन वर्षे झाली, तरी तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेले फ्रान्समधले स्ट्रासबर्ग पाहायचे राहूनच गेले होते. मार्चच्या सुरुवातीला एका शनिवारी सकाळी लवकर निघालो, ऑफेनबुर्गला गाडी बदलून केहलला उतरलो आणि तिथून ट्राम धरली. २०१७ पासून ही ट्राम ऱ्हाईन ओलांडून थेट फ्रान्समध्ये जाते. पुलावर ना चौकी दिसली, ना कोणी कागदपत्रे मागितली. शेजारच्या बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसल्या होत्या.

आम्हाला मुख्यतः कॅथीड्रलमधले खगोलीय घड्याळ पाहायचे होते. माझा नवरा यंत्र अभियंता आहे आणि दातेरी चाकांशी त्याचा रोजचा संबंध असल्यामुळे या घड्याळाविषयी तो कित्येक दिवस बोलत होता. व्होज डोंगरांतल्या गुलाबी वालुकाश्मात बांधलेले हे कॅथीड्रल गल्लीच्या टोकाशी एकदम समोर येते आणि पाहणाऱ्याची मान आपोआप वर जाते. १४३९ मध्ये पूर्ण झालेला त्याचा १४२ मीटर उंचीचा एकुलता एक मनोरा १६४७ पासून १८७४ पर्यंत जगातली सर्वांत उंच वास्तू होता. ३३२ पायऱ्या चढून आम्ही ६६ मीटरवरच्या गच्चीत गेलो. एका बाजूला व्होजच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला नदीपलीकडचे ब्लॅक फॉरेस्ट एकाच वेळी दिसत होते.

घड्याळासमोर बारा वाजण्याआधीच गर्दी जमली होती. या कॅथीड्रलमध्ये चौदाव्या शतकापासून घड्याळ आहे. आजचे यंत्र तिसरे असून, ते झां-बाप्तिस्त श्विल्गे यांनी १८३८ ते १८४३ या काळात घडवले. दर पाव तासाला बालक, तरुण, प्रौढ आणि वृद्ध यांपैकी एक आकृती मृत्यूच्या पुढून सरकत जाते, आणि तासाला देवदूत हातातली वाळूची घटिका उलटी करतो. खाली एक गोल आहे, त्याच्या यंत्रणेत संपातचलनाचीही, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाची दिशा अतिशय सावकाश फिरत जाण्याचीही, गणना आहे. २५,००० वर्षांहून अधिक काळात पुरी होणारी एक फेरी इथे चाकांत बांधलेली आहे. त्याहून मला अधिक भावला तो ईस्टरचा हिशेब. वसंतसंपाताला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टरचा दिवस. तो दर वर्षी बदलतो, म्हणून दर ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री ही चाके फिरतात आणि पुढच्या वर्षीची तारीख काढून देतात. आईला आयुष्यभर पंचांग उघडून तिथी पाहताना मी पाहिले आहे. इथे तेच पंचांग लोखंड आणि पितळ यांतून चालताना दिसत होते.

घड्याळात रोज मध्यान्ही निघणारी प्रेषितांची, म्हणजे ख्रिस्ताच्या बारा शिष्यांची, मिरवणूक मात्र बाराला निघाली नाही. "अगं, थांब, याचे बारा अजून वाजायचे आहेत," नवरा म्हणाला. घड्याळ स्ट्रासबर्गच्या स्वतःच्या मध्यान्हाप्रमाणे चालते आणि तो मध्यान्ह प्रमाणवेळेच्या साडेबाराच्या सुमारास येतो. मला एकदम आजोबांची आठवण झाली. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू होऊनही मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. गिरगावात वाढलेले आजोबा 'बॉम्बे टाइम' हा शब्द फार आपुलकीने उच्चारत. साडेबाराला बारा प्रेषित एकेक करून ख्रिस्तापुढून गेले, वरच्या कोंबड्याने पंख फडफडवून तीनदा बांग दिली आणि तेवढा वेळ त्या प्रचंड दालनात कोणी खोकलेसुद्धा नाही.

दुपारी 'पेतित फ्रान्स' नावाच्या भागात फिरलो. कातडी कमावणाऱ्यांची आणि गिरणीवाल्यांची ही जुनी वस्ती, कालव्यांच्या काठी लाकडी चौकटींची घरे. छान आहे, पण गर्दीमुळे नीट उभे राहायलाही जागा नव्हती. जेवायला फ्लामक्यूख मागवली: पापडासारखी पातळ लाटलेली पोळी, वर दाट मलई आणि कांदा. त्यावर डुकराचे मांस असते, आम्ही ते वगळून मश्रूम घालायला सांगितले. कडा किंचित करपलेल्या, मधला भाग मऊ. आम्ही दुसरीही मागवली.

रविवारी सकाळी प्लास द ला रेपुब्लिक या चौकातले युद्धस्मारक पाहिले, आणि तिथून लवकर पाय निघेना. १८७१ मध्ये हे शहर जर्मनीकडे गेले, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने घेतले आणि १९४४ च्या नोव्हेंबरात परत फ्रान्सचे झाले. राज्याबरोबर घड्याळेही बदलत गेली: १८९३ पासून जर्मनीची प्रमाणवेळ, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सची, १९४० पासून पुन्हा जर्मनीची. पहिल्या महायुद्धात अल्सासची, म्हणजे स्ट्रासबर्ग ज्या प्रांतात आहे तिथली, बहुतेक मुले जर्मन गणवेशात लढली, कारण तेव्हा हा प्रदेश जर्मनीचा होता. स्मारक उभे राहिले तेव्हा मात्र तो फ्रान्सचा झाला होता. शिल्पकार ड्रिव्हिए यांनी १९३६ च्या या शिल्पात एक आई घडवली आहे, आणि तिच्यापाशी दोन मरणासन्न मुलगे. दोघांच्याही अंगावर वस्त्र नाही, त्यामुळे कोण कोणत्या सैन्यातला, हे कळायला मार्ग नाही. खाली फ्रेंचमध्ये एवढेच कोरले आहे: 'आमच्या मृतांना'. देशाचे नाव नाही. त्या दोघांचे हात एकमेकांपर्यंत पोहोचलेले आहेत, हे माझ्या आधी नवऱ्याच्या लक्षात आले. त्याने काही न बोलता मला बोटाने दाखवले.

संध्याकाळी त्याच ट्रामने परत निघालो. फलाटावर दोन शाळकरी मुली एकमेकींशी फ्रेंच बोलत होत्या. केहलला उतरल्यावर त्यांतल्या एकीने फोन उचलला आणि त्याच सुरात जर्मनमध्ये आईला सांगितले, की पोहोचले.