येते हं

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठव, असा निरोप आला. मी कागद पुढे ओढला आणि डोळ्यांसमोर उभा राहिला तो पूर्व भूतानमधल्या एका शाळेचा आठवीचा वर्ग. आधी वाटलं, हे इथे कशाला? पण त्या मुलांचा निरोप घेताना जे घडलं, त्याची सुरुवात आपल्या शाळेच्या सातवीच्या वर्गात झाली होती. म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

मी १९८६ च्या दहावीच्या तुकडीतली. सातवीत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई ज्यांना आठवतात, त्यांना त्यांचा बाणही आठवत असेल. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली मुलं. मनात वाक्य मराठीत जुळवायचं आणि शब्द तेवढे इंग्रजी घालायचे, ही आमची रीत. बाई रागवायच्या नाहीत. आमचं वाक्य आहे तसं फळ्यावर लिहायच्या, 'आय येस्टरडे होम वेंट'. मग 'वेंट'भोवती गोल काढायच्या आणि एक लांब बाण ओढून त्याला 'आय'च्या शेजारी आणून बसवायच्या. "मराठीत क्रियापद शेवटच्या बाकावर बसतं. इंग्रजीत त्याला कर्त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं असतं," असं म्हणायच्या.

सहामाही परीक्षेच्या शेवटच्या दिवशी बाईंनी वह्या परत दिल्या, सुट्टीत रोज एक याप्रमाणे दहा दिवस दहा वाक्यं लिहायला सांगितली, आणि दारात थांबून म्हणाल्या, "येते हं." सुट्टी संपली. मी दहाच्या दहा वाक्यं लिहून नेली होती. वर्गावर दुसरे सर आले. बाई शाळा सोडून गेल्याचं आम्हाला त्यांच्याकडून कळलं. "येते म्हणाल्या होत्या ना?" असं आम्ही मुली एकमेकींना किती दिवस विचारत होतो. मी ती वही सरांना दाखवली नाही. बाईंनी आपल्याला फसवलं, असं मी खूप वर्षं धरून चालले होते, आणि हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

१९९८ च्या फेब्रुवारीत मी भूतानला इंग्रजी शिकवायला गेले. गुवाहाटीपर्यंत रेल्वे, तिथून सीमेवरचं सामद्रुप जोंगखार, मग डोंगर चढत त्राशिगांग आणि शेवटी त्राशियांगत्से. मी काही पहिली नव्हते. तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांच्या काळात, १९६१ मध्ये, तिथली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. शाळा वाढू लागल्या तसे भारतातून शिक्षक जाऊ लागले. सुरुवातीला तिथे हिंदीतून शिकवत असत. पुढे इंग्रजी हेच माध्यम झालं. याच राजांचा जन्मदिवस, २ मे, तिथे शिक्षक दिन म्हणून पाळतात.

म्हणजे तिथल्या मुलाला गणित, विज्ञान सगळं इंग्रजीतून शिकायचं. घरात एक बोली, बाजारात बहुतेक त्शांगला, राष्ट्रभाषा म्हणून जोंगखा, आणि वर इंग्रजी. दहा-अकरा वर्षांची पोरं चार भाषांत ये-जा करायची. मला पाचवीचा वर्ग मिळाला आणि पहिल्याच आठवड्यात एका वहीत मला आपल्या शाळेचा फळा दिसला. 'आय येस्टरडे होम वेंट.' जोंगखातही क्रियापद शेवटी, त्शांगलातही शेवटी! हिमालयाच्या कुशीत बसलेला तो मुलगा अगदी माझीच चूक करत होता. मी बाईंचा बाण काढला. नंतर त्याचा खेळच केला. मुलांच्या हातात शब्दांची पुठ्ठी द्यायची, त्यांना ओळीत उभं करायचं, आणि शेवटी उभ्या 'वेंट'ने सगळ्यांच्या पुढून चालत येऊन 'आय'चा हात धरायचा. गुडघ्यापर्यंतचा 'घो' घातलेला 'वेंट' इतक्या ऐटीत चालायचा की वर्ग टाळ्या वाजवायचा.

'अ', 'अॅन', 'द' शिकवताना मात्र बाण उपयोगी पडत नाही. हे शब्द जसेच्या तसे त्यांच्याही भाषेत नाहीत, आपल्याही नाहीत. जिची मातृभाषा इंग्रजी आहे अशा बाईला ते सहज येत असतील, पण कुठे अडखळायला होतं हे तिला आतून ठाऊक नसतं. मला ते ठाऊक होतं. मला परदेशात इंग्रजी शिकवता आलं ते मराठी माध्यमात शिकल्यामुळे, असं मी मनापासून मानते.

आणि तो 'ला'! जोंगखात आदर दाखवायला वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात, आणि मुलं तो इंग्रजीलाही लावतात. "गुड मॉर्निंग ला." "येस ला." "मे आय कम इन, मॅडम ला?" 'स-ला-ते, स-ला-ना-ते' घोकलेल्या माझ्या कानांना पहिले काही दिवस प्रत्येक वाक्यात चतुर्थीच ऐकू यायची. सुरुवातीला मी तो खोडत असे. दुसऱ्या वर्षी खोडणं सोडलं. लिहिताना नको, बोलताना असू दे, असं आमचं ठरलं. इंग्रजीत त्या जागी ठेवता येईल असा तितका मायेचा शब्द मला सापडला नाही.

हजेरी घेतानाही मी सुरुवातीला अडखळायचे. तिकडे आडनावं बहुधा नसतात, आणि सोनम, कर्मा, पेमा ही नावं मुलाचीही असतात नि मुलीचीही. त्यामुळे तपासायला घेतलेल्या वहीतल्या सोनमला इंग्रजीत 'ही' म्हणायचं की 'शी', ते चेहरा आठवल्याशिवाय मला सांगता येत नसे. बहुधा म्हणूनच ते सगळे चेहरे इतके पक्के लक्षात राहिले.

त्या पाचवीबरोबर मीही वर चढत गेले. १९९९ च्या जूनमध्ये चौथ्या राजांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात थिंफूला दूरदर्शन सुरू झालं, पण आमच्या खोऱ्यात इंग्रजी यायचं ते पुस्तकांतून, रेडिओवरून आणि 'कुएन्सेल' या तेव्हाच्या साप्ताहिकाच्या शिळ्या अंकांतून. एकेक अंक आम्ही फाटेपर्यंत वाचायचो. २००१ मध्ये मुलं आठवीला आली. पुढच्या इयत्तांसाठी त्यांना दुसरीकडे जायचं होतं, आणि माझाही करार डिसेंबरात संपत होता.

तिकडे शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. थंडी पडू लागली की तिबेटाकडून काळ्या मानेचे क्रौंच जवळच्या बुमदेलिंगला उतरतात. मुलं त्यांना 'थ्रुंग थ्रुंग' म्हणतात. ते आले म्हणजे वर्ष संपत आलं, हे शाळेत सगळ्यांना कळायचं. त्या वर्षी ते आले आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

आठवीच्या वर्गाला कसं सांगायचं, ते मी रोज उद्यावर ढकलत होते. एका दुपारी तास संपवून दाराशी आले. घरून निघताना आयुष्यभर जे म्हणत आले, तेच तोंडून गेलं, फक्त इंग्रजीत. "ओके चिल्ड्रेन, आय विल कम."

पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. "व्हेन, मॅडम ला?"

मी करार संपवून जाणार ही कुजबुज त्यांच्या कानावर आधीच गेली होती. दोनच आठवड्यांपूर्वी मी त्यांना 'विल' पुन्हा एकदा शिकवलं होतं. विल म्हणजे नक्की, विल म्हणजे शब्द दिला. त्यामुळे तो प्रश्न सगळ्या वर्गाचा होता. मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते," म्हणून मी निघाले.

त्या रात्री मला बाई दिसल्या. दारात उभ्या राहिलेल्या, हातात खडूचा डबा. 'येते हं' म्हणताना त्या आमच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या, हेही आठवलं. बाईंनी निरोप घेतला होता. आपल्या भाषेत घ्यायचा तसाच घेतला होता. आम्हालाच तो कळला नाही, कारण आम्ही बारा वर्षांच्या होतो आणि आमच्या दृष्टीने 'येते' म्हणजे येते.

सकाळी वर्गात जाऊन मी सगळं सांगितलं. माझ्या भाषेत निघताना 'जाते' म्हणत नाहीत, ते बरं मानत नाहीत, म्हणून 'येते' म्हणतात. मुलगा असेल तर 'येतो'. काल मी जे म्हणाले त्याचा अर्थ मी जाते आहे असा होता. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, आम्ही 'लॉग जे गे' म्हणतो मॅडम ला, म्हणजे पुन्हा भेटू. मी ते फळ्यावर लिहिलं. इंग्रजीतला 'गुडबाय' लिहिला आणि तो मुळात 'देव तुमच्याबरोबर असो' अशा अर्थाच्या शब्दांतून झिजत आला आहे, हे सांगितलं. एकाला ते लामांच्या आशीर्वादासारखं वाटलं. मग घराघरांतल्या बोलींचे शब्द आले. ते मला नीट उच्चारता येईनात, तेव्हा मुलांनी मला ओळीत उभं केल्यासारखं करून ते माझ्याकडून म्हणून घेतले.

तास संपताना तीच मुलगी म्हणाली, "सो यू विल नॉट कम, मॅडम ला?"

खोटं बोलायचं नव्हतं. "आय मे कम. आय मे नॉट," मी म्हणाले. 'मे' आणि 'विल' यांतला फरक मी चार वर्षं उदाहरणं देऊन शिकवला होता. त्या दिवशी माझा आवाज ऐकून तो त्यांना कळला असावा.

निकालाच्या दिवशी मुलांनी माझ्या गळ्यात खादर, म्हणजे पांढरे रेशमी शेले, घातले. इतके, की हनुवटी झाकली गेली. त्राशियांगत्सेचे कारागीर कातून करतात तसा एक लाकडी वाडगाही दिला. त्यात घडी घातलेला कागद होता, सगळ्यांच्या सह्यांचा. वर एकच ओळ होती. 'डिअर मॅडम, यू मे कम.'

मी ती ओळ तिथे उभी राहून दोनदा वाचली. चार वर्षं वर्गाच्या दारात उभी राहून जी मुलं मला 'मे आय कम इन' विचारत आली, त्यांनी मला परवानगी देऊन ठेवली होती.

पत्र्याच्या ट्रंका ट्रकवर चढल्या. मी पुढे चालकाशेजारी बसले. ट्रक हलला तेव्हा मागून एका मुलाने ओरडून म्हटलं, "येतो ला!" मग सगळ्यांनीच. मुलींनी 'येते ला' म्हटलं, अगदी बरोबर.

बाई, ही स्मरणिका तुमच्यापर्यंत पोहोचावी असं फार वाटतं. सातवीतली ती वही माझ्याकडे आहे. दहाही वाक्यं लिहिली आहेत. तेवढी तपासायची राहिली आहेत.